ब्रेकचं पेडल खाली जातंय? पंप मारून गाडी चालवू नका



आजच्या संदेशात खत-औषध नाही. आजचा विषय आहे आपल्या पिकअपचा, टेम्पोचा आणि घरच्या कारचा ब्रेक.

आपला माल पहाटे मांजरी, हडपसर, मार्केट यार्डला निघतो. रस्ता पुणे-सोलापूर महामार्ग. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे कंटेनर, मधे आपली भरलेली पिकअप आणि त्यात आपल्याच घरातला माणूस. अशा वेळी संकलन केंद्रावर एक वाक्य बऱ्याचदा कानावर येतं: "पहिल्यांदा पेडल खाली जातं, पण दोनदा मारलं की लागतो ब्रेक. चालतंय."

हे चालत नाही. दोनदा मारून लागणारा ब्रेक म्हणजे बिघडलेला ब्रेक. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. दुसऱ्यांदा पाय मारायला तेवढाच वेळ गेला तरी एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर गेलं. समोर कुणी अचानक थांबलं तर ते अंतर आपल्याकडे नसतं.

चांगली गोष्ट अशी, की पेडल *कसं* खाली जातं हे नीट बघितलं तर बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. पानावरचे डाग बघून आपण आधी करपा की किडा ते ठरवतो आणि मग औषध आणतो. इथेही तसंच करायचं. आधी लक्षण, मग दुरुस्ती.

*१) आत नेमकं काय होतं?*

जनावराला टोचायची सिरींज डोळ्यासमोर आणा. तिच्यात पाणी भरलं, तोंडाला बोट लावलं आणि दट्ट्या दाबला तर तो हलत नाही. पाणी दबत नाही. आता तीच सिरींज अर्धी पाणी आणि अर्धी हवा अशी भरा. दट्ट्या आत जातो आणि सोडला की परत येतो. हवा दबते. आणि दट्ट्याचं रबर झिजलेलं असेल तर पाणी रबराच्या कडेने मागे येतं आणि दट्ट्या हळूहळू आत सरकत राहतो.

ब्रेक असाच आहे. तुम्ही पेडल दाबता तेव्हा बॉनेटखालच्या मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल बारीक पाइपांतून चारही चाकांपर्यंत जोर नेतं. पुढे बहुतेक गाड्यांना डिस्क असते. तिथे कॅलिपर पॅड दाबतो. मागे पिकअपला आणि बऱ्याच कारला ड्रम असतो. तिथे व्हील सिलेंडर लायनर बाहेर ढकलतो.

म्हणजे पेडल जास्त खाली जायची मुख्य कारणं तीनच. एक, लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, त्यामुळे जास्त ऑइल ढकलावं लागतं. दोन, ऑइलमध्ये हवा किंवा वाफ आहे. तीन, ऑइल कुठून तरी निसटतंय, बाहेर किंवा मास्टर सिलेंडरच्या आतल्या आत.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलेंडरचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोन-दोन चाकं सांभाळतो. एका भागाचा पाइप फुटला तरी दुसरा भाग काम करतो, पण पेडल बरंच खाली जाऊन आणि निम्म्याच ताकदीने. म्हणून एखाद्या दिवशी पेडल एकदम खाली गेलं आणि तरी गाडी कशीबशी थांबली, तर "थांबली ना" म्हणून सोडून देऊ नका. एक बाजू गेलेली असू शकते आणि तुम्ही उरलेल्या एकाच बाजूवर गाडी चालवत असता.

*२) गाडी जागेवर उभी करून करायच्या चार चाचण्या*

सपाट जागा निवडा. गाडी रिकामी असावी. चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे.

*चाचणी पहिली: ऑइलची पातळी.* बॉनेट उघडा. मास्टर सिलेंडरवर पारदर्शक डबा असतो, त्यावर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. पातळी बाहेरूनच दिसते, झाकण उघडायची गरज नाही. उघडायचंच असेल तर आधी झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसा. मातीचा एक कणसुद्धा आत जायला नको.

पातळी थोडी उतरलेली असेल तर पुढचे पॅड झिजलेले असण्याची शक्यता जास्त. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा दट्ट्या बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल साठतं. हे महिन्यांमध्ये होतं. आठ-पंधरा दिवसांत पातळी उतरत असेल तर मात्र गळती आहे. काही गाड्यांत क्लचचं ऑइलही याच डब्यातून जातं, त्यामुळे क्लचकडची गळतीही बघायला सांगा.

*चाचणी दुसरी: पंप.* इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. बूस्टरमधली साठलेली ओढ निघून जाते आणि पेडल कडक होतं. पहिल्या दाबाला पेडल कुठे थांबलं आणि पाचव्याला कुठे, ते लक्षात ठेवा. प्रत्येक दाबाला पेडल वर-वर येत असेल तर अंतर वाढलंय किंवा हवा आहे.

*चाचणी तिसरी: धरून ठेवा.* इंजिन बंदच. पेडल दाबून एकसारखा जोर ठेवा आणि मनात तीस मोजा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. हळूहळू खाली सरकत असेल तर ऑइल निसटतंय. ही चाचणी दोनदा करा. एकदा जोरात दाबून आणि एकदा अगदी हलक्या पायाने, जसं आपण सिग्नलला धरून ठेवतो तसं. मास्टर सिलेंडरचं रबर झिजायला लागलेलं असताना जोरात दाबलं तर ते पसरून पकडतं, पण हलक्या दाबाला ऑइल मागे सोडतं. बिघाड आधी हलक्या दाबालाच दिसतो.

*चाचणी चौथी: इंजिन चालू करा.* पेडल दाबलेलंच ठेवून गाडी चालू करा. पेडल एकदाच थोडं खाली जाऊन थांबेल. हे बरोबर आहे, बूस्टर काम करतोय असा त्याचा अर्थ. बरेच जण यालाच बिघाड समजून गाडी दाखवायला नेतात. एकदा खाली जाऊन थांबणं ठीक. थांबायचं नाव न घेता सरकत राहणं हा बिघाड.

उलट, इंजिन चालू केल्यावर पेडल जराही हललं नाही आणि दगडासारखं कडक राहिलं तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाइपची तक्रार आहे. तो वेगळा बिघाड, पण तोही तितकाच धोक्याचा.

*३) पेडल कसं खाली जातं, त्यावरून निदान*

*अ) खाली जातं, पण तिथे कडक लागतं. दुसऱ्यांदा मारलं की वर येतं.*
मागच्या ड्रमचे लायनर झिजलेत किंवा सेटिंग ढिलं झालंय. बहुतेक गाड्यांत लायनर आपोआप सेट होण्याची सोय असते, पण चिखल, धूळ आणि गंज यांनी ती अडकते. आपल्या पिकअप पाटाच्या आणि रानातल्या रस्त्याने फिरतात, त्यामुळे हे आपल्याकडे जास्त होतं. जोडीला हँडब्रेकही जास्त वर ओढावा लागत असेल तर संशय पक्का समजा.

उपाय: ड्रम उतरवून लायनर बघणं, साफ करणं, गरज असेल तर बदलणं, आणि मग दातेरी चाकाने सेटिंग करणं. चाक हाताने फिरवत लायनर हलका घासेपर्यंत घट्ट करायचं आणि चाक मोकळं फिरेल इतकं मागे घ्यायचं. दोन्ही बाजू सारख्या. हँडब्रेकची केबल त्यानंतर ओढायची, आधी नाही. आधी केबल ओढून हँडब्रेक "सेट" केला तर मूळ दोष झाकला जातो. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

*आ) पेडल स्पंजसारखं मऊ लागतं, दाबलं की दबतं, सोडलं की उसळतं.*
ऑइलमध्ये हवा आहे. फवारणी पंपाने हवा धरली की कितीही दांडा मारला तरी दाब बनत नाही, तसंच. हवा काढावी लागेल. पण हवा आपोआप शिरत नाही. डबा रिकामा होऊन शिरली, की दुरुस्तीच्या वेळी राहिली, की कुठून गळती आहे, हे आधी शोधा. नाहीतर महिन्याने पुन्हा तेच. चाकाजवळचे रबरी पाइप जुने होऊन फुगत असतील तरीही पेडल असंच मऊ लागतं. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने पाइपावर हात ठेवायचा. फुगलेलं हाताला कळतं.

*इ) पेडल धरून ठेवलं की हळूहळू खाली बसतं.*
गळती. आधी बाहेर शोधा. चारही चाकांच्या आतल्या बाजू, ड्रमच्या मागची पत्र्याची प्लेट, रबरी पाइप, एक्सलवरून जाणारे लोखंडी पाइप. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळा ओघळ दिसला तर तिथला व्हील सिलेंडर गळतोय. मग ड्रायव्हरच्या पायापाशी आणि मास्टर सिलेंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो त्या सांध्याला बघा.

कुठेच ओल नाही, डब्यातली पातळीही उतरत नाही आणि तरी पेडल बसतं? मग मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर गेलंय. विहिरीतल्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, बाहेर थेंब दिसत नाही. तसंच हे. ऑइल पुढे जायच्या ऐवजी मागे डब्यात परत येतं.

उपाय: मास्टर सिलेंडर नवा, किंवा आतून घासलेला नसेल तर किट. आतल्या भिंतीवर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर किट टाकून पैसे वाया जातात, नवं रबर थोड्याच दिवसांत फाटतं. मेकॅनिकला सिलेंडर उघडल्यावर दाखवायला सांगा.

*ई) खड्ड्याच्या रस्त्यावरून आल्यावर पहिलाच दाब खाली जातो, नंतर ठीक.*
पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असू शकतं किंवा डिस्क वाकडी असू शकते. चाक डगमगतं तेव्हा डिस्क पॅडला मागे ढकलते, मग पहिल्या दाबाला ते अंतर भरून काढावं लागतं. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवून बघितलं की बेअरिंगचा खुळखुळ कळतो.

*उ) घाट उतरताना पेडल एकाएकी खाली जातं, थंड झाल्यावर परत ठीक.*
हे सगळ्यात फसवं लक्षण आहे, कारण गॅरेजला गेलं की गाडी चांगली वागते. ब्रेक तापून ऑइल उकळलेलं असतं. ऑइलची वाफ झाली की ती हवेसारखीच दबते. याचं कारण पुढच्या भागात.

*४) ब्रेक ऑइल: पातळ दिसतं, पण जुनं होतं*

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. मिठाची पिशवी उघडी राहिली की पावसाळ्यात ओली होते, तसं. बंद डब्यातही रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा-थोडा ओलावा मुरतो. पाणी मुरलं की ऑइल लवकर उकळतं.

आकडे बघा. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरल्यावर १४० अंशांपर्यंत खाली येतं. डॉट ४ नवं असताना २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ अंश. हे "पाणी मुरलेलं" म्हणजे जेमतेम ३.७ टक्के पाणी. भरलेली गाडी घाटात सारखा ब्रेक दाबून उतरवली तर ड्रम आणि डिस्क याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात, आणि ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते.

म्हणून:

- ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. गाडीच्या पुस्तकात याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा.
- कोणती प्रत टाकायची ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तीच टाका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. डॉट ५.१ आणि डॉट ५ एकच समजू नका.
- अर्धी वापरून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका. तिने आधीच ओलावा ओढलेला असतो.
- *इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, गोडं तेल यातलं काहीही ब्रेकच्या डब्यात टाकू नका.* थेंबभरसुद्धा नाही. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात आणि सगळ्या चाकांची किट बदलायची पाळी येते. घाईत चुकून पडलंच असेल तर गाडी चालू न करता, पेडल न दाबता, मेकॅनिकला बोलवा.
- ब्रेक ऑइल रंग खातं. गाडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, विषारी आहे. काढलेलं जुनं ऑइल रानात, ओढ्यात किंवा कॅनॉलला ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजला द्या.

आणि एक. डबा वरचेवर भरत राहणं ही दुरुस्ती नाही. गळक्या टाकीत पाणी सोडत राहण्यासारखं आहे ते.

*५) हवा कशी काढतात?*

हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. पण पद्धत माहीत असली की तो नीट करतोय का ते कळतं. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा काढायला कंपनीचं स्कॅनर यंत्र लागतं, तिथे घरगुती प्रयोग नकोच.

दोन माणसं लागतात. चाकाजवळच्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. वरचा माणूस पेडल दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. खालचा निपल किंचित ढिला करतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो आणि "सोड" म्हणतो. निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर नळीतून उलटी हवा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

सहसा मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, पुस्तकात बघा. वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ असतो, त्याला वेगळा निपल असेल तर तिथलीही हवा काढावी लागते. हे राहून गेलं की पेडल मऊच राहतं.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. मधे-मधे डबा भरत राहायला हवा. तो रिकामा झाला की पुन्हा पहिल्यापासून काम. आणि जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. मास्टर सिलेंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ असतो. दट्ट्या तिथपर्यंत गेला की चांगलं रबर फाटतं आणि नवीनच बिघाड सुरू होतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की हे टळतं.

*६) घाट आणि उतार*

भुलेश्वरचा घाट, शिंदवण्याचा घाट, दिवे घाट. आपल्या लोकांचं या तिन्हीकडून येणं-जाणं असतं. नियम जुनाच आहे: *ज्या गिअरात चढ चढाल, त्याच गिअरात उतार उतरा.* इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक सारखा घासत ठेवू नका. गरजेपुरता नीट दाबून वेग कमी करा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात तो थंड होतो.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं ही सवय माणसं मारते. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. पुढे पोलिसांनी सांगितलं ते उतारावर इंजिन बंद केल्याबद्दल. इंजिन बंद झालं की बूस्टरची ओढ संपते, दोन-तीन दाबांनंतर पेडल दगड होतं, आणि गाडी न्यूट्रल असेल तर गिअरही तिला धरत नाही. वाचलेल्या डिझेलचा हिशोब यापुढे करण्यात अर्थ नाही.

जादा माल हाही ब्रेकचाच प्रश्न आहे. गाडीवर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त क्रेट चढवले की तोच ड्रम, तेच लायनर आणि तेच ऑइल जास्त तापतं.

*७) ट्रॅक्टरवाल्यांसाठी*

ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे. बऱ्याच ट्रॅक्टरना ऑइलच्या दाबाचा ब्रेक नसतो, पेडलपासून ब्रेकपर्यंत लोखंडी दांडे असतात. तिथे पेडल खाली गेलं तर हवा काढायचा प्रश्नच नाही. दांड्यांचं सेटिंग करावं लागतं किंवा ब्रेकच्या प्लेटा झिजलेल्या असतात. पेडलची मोकळी चाल किती ठेवायची ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. ती डाव्या-उजव्या दोन्ही पेडलला *सारखी* हवी. एक पेडल जास्त खाली जात असेल तर रस्त्यावर ब्रेक मारताच ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि मागे भरलेली ट्रॉली असेल तर ती ट्रॅक्टरला आडवं करते.

रानातून डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी पट्टी अडकवा. रानात वळताना ती काढलेली असते आणि तशीच राहते. गाळप हंगामात कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला ऊस नेणाऱ्या प्रत्येकाने रोज सकाळी ही पट्टी बघावी. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते, तेव्हा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. मध्येच क्लच दाबून गिअर बदलायला जाऊ नका.

*८) चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर*

हा भाग घरात जे कोणी गाडी चालवतात त्यांना वाचून दाखवा.

१. पाय उचला आणि पेडल भराभर मारा. थोडाफार दाब बनू शकतो. इथे पंप मारणं बरोबर आहे, कारण आता जीव वाचवायचाय.
२. ॲक्सिलरेटर सोडा आणि एक-एक गिअर खाली या. एकदम पहिल्यात टाकू नका. न्यूट्रल तर अजिबात नको.
३. हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो हळूहळू ओढा. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.
४. इंजिन बंद करू नका. स्टेअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकही होऊ शकतं.
५. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. डावीकडे मोकळी जागा, चढ किंवा मातीची कड शोधा.
६. गाडी थांबली की चाकांना दगड लावा. मग *एक किलोमीटरसुद्धा* चालवत नेऊ नका. टो करून न्या. माल दुसऱ्या गाडीत भरा. एका खेपेचा भाव गेला तर पुढच्या खेपेला भरून निघतो.

*९) मेकॅनिककडे गेल्यावर काय सांगाल?*

"ब्रेक बघा जरा" असं सांगितलं तर तोही जरा बघतो. त्यापेक्षा ही पाच उत्तरं द्या:

- पेडल खाली जाऊन कडक लागतं, मऊ लागतं, की धरल्यावर बसतं?
- दुसऱ्यांदा मारल्यावर वर येतं का?
- हे नेहमी होतं, घाटात होतं, की खराब रस्त्यानंतर होतं?
- डब्यातली पातळी किती दिवसांत किती उतरली?
- ऑइल शेवटचं कधी बदललं आणि मागचे ड्रम शेवटचे कधी उघडले?

काम झाल्यावर जुने लायनर, जुनं किट बघायला मागा. एका बाजूचे लायनर किंवा पॅड बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदला, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. गाडी ताब्यात घेताना वरच्या चारही चाचण्या तिथेच परत करा. मग मोकळ्या सपाट जागेत, माणूस चालतो तितक्या वेगात ब्रेक मारून बघा. सगळं ठीक वाटलं तरच रस्त्यावर. नव्या लायनरवर पहिल्याच दिवशी पूर्ण माल भरून घाटात जाऊ नका. बसायला थोडं अंतर लागतं.

*थोडक्यात*

खाली जाऊन कडक: मागचे लायनर, सेटिंग.
मऊ, स्पंजसारखं: हवा.
धरलं की बसतं: गळती किंवा मास्टर सिलेंडर.
खड्ड्यानंतर पहिला दाब खाली: बेअरिंग, डिस्क.
घाटात खाली: जुनं ऑइल, तापलेला ब्रेक.

यातलं काहीही दिसलं तर माल भरण्याआधी दुरुस्ती. "आजची खेप मारू आणि उद्या बघू" हे ब्रेकच्या बाबतीत चालत नाही, कारण कोणती खेप शेवटची ते पेडल सांगत नाही.

ज्या सभासदांच्या गाड्या संकलन केंद्रावरून माल उचलतात त्यांनी या रविवारी वरच्या चार चाचण्या करून घ्याव्यात. काही शंका आली तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. पेडल कसं वागतं ते तुमच्या शब्दांत सांगा, वरच्या यादीतलं कोणतं लक्षण जुळतं ते मिळून बघू. आणि हा संदेश तुमच्या ड्रायव्हरला, भावाला, गाडी चालवणाऱ्या मुला-मुलीला नक्की पाठवा.

आपला कृषी सल्लागार, यवत